काळीवरचं घर

आबांकडे कुणीही आलं की ते आधी पायांकडे बघत. तोंड नंतर. सोयरीक घेऊन आलेला पाहुणा असो की तलाठी, आबा ओट्यावर बसल्या जागेवरून वाकून त्याचे पाय न्याहाळत आणि मग ठरवत, की याला पाणी द्यायचं की नुसतं बसू द्यायचं. रानातून काळ्या मातीने भरलेले पाय घेऊन कुणी आला की ते खूश. गावातून बाहेर निघालेल्याचे पाय मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपत. सकाळच्या वेळी ते वेशीजवळच्या दगडावर जाऊन बसत आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला वहाणा झटकायला लावत. गावची पांढरी माती गावाबाहेर जाता कामा नये, एवढंच त्यामागचं कारण. मी पहिल्यांदा जिंतूरला निघालो तेव्हा नवा मास्तर म्हणून आपल्याला काही सवलत मिळेल असं मला वाटलं होतं. ती मिळाली नाही. वेशीला धरून, एक पाय वर उचलून मी लंगडी घातल्यासारखा उभा राहिलो आणि माझ्याच शाळेतली पोरं ओळीने उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात शिस्त ठेवायला मला फार कष्ट पडले.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझं स्वतःचं शिक्षण उर्दूत झालेलं. आता मराठी शाळा निघाल्या आणि मला पूर्णेकाठच्या या गावी नेमलं. राहायला जागा आबांच्या घरी मिळाली. भाडं घेत नसत, पण अटी फार होत्या. त्यातली पहिली वहाणांची. दुसरी अशी, की खोलीत खुंटी ठोकायची झाली तरी आधी त्यांना विचारायचं, कारण त्यांना ‘खालच्यांना’ विचारावं लागे.

हे खालचे कोण, हे समजायला मला बरेच दिवस लागले. गाव एका मोठ्या टेकाडावर होतं, पण ते टेकाड देवाने केलेलं नव्हतं. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरं पडली, पडलेल्या घरांवर पुन्हा घरं उठली, राख, शेण, कडबा, भिंती सगळं कुजून एकावर एक बसत गेलं आणि गाव आपोआप वर चढलं. खाली चहूकडे काळीभोर रानं आणि मधे ही राखेसारखी मऊ पांढरी. कुठेही कुदळ मारली की खापऱ्या निघत, मणी निघत, जनावरांची हाडं निघत. अशी गावं परभणीकडे पुष्कळ आहेत आणि तिथली माणसं त्याचा फारसा विचार करत नाहीत. आबा करत. त्यांच्या मते आपल्या पायाखाली आणखी गावं होती आणि त्यांतली माणसं अजून तिथेच होती. ते त्यांच्याविषयी शेजाऱ्यांविषयी बोलावं तसं बोलत. खालच्यांना गाडगी नीट भाजता येत नव्हती. खालच्यांकडे शेरडं नव्हती, कारण आबांना लेंड्या कधी सापडल्या नव्हत्या. घरात अडकित्ता हरवला तर तो खालच्यांनी नेला. महिन्याभराने फडताळात मिळाला तर खालच्यांनी परत केला. किती गावं आहेत खाली, असं मी विचारलं तर कधी तीन म्हणत, कधी सात. एकदा वैतागून म्हणाले की मोजायला ते काय शाळेत येतात का.

मी हे सगळं थट्टेवारी नेत असे. पण खुंटी ठोकण्याआधी मीही थांबू लागलो होतो, हे खरं आहे.

त्या भागात उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की टेकाडाच्या कडेची पांढरी खणायची आणि गाड्या भरभरून रानात टाकायची, अशी जुनी रीत. ज्वारी त्याने जोमात येते. आबांना हे बघवत नसे. पण मनाई कोणत्या तोंडाने करणार? त्यांच्या बापाने, आज्याने तेच केलेलं होतं. म्हणून त्यांनी तरणेपणी आपला एक कायदा काढला होता. ज्याने पांढरीची गाडी खाली नेली त्याने परत येताना रानातल्या काळीचं एक ढेकूळ आणून आबांच्या परसात टाकायचं. आबा ना पाटील, ना पोलीस पाटील. तरी गावाने हा कायदा पाळला. वाद घालण्यापेक्षा ढेकूळ उचलून आणणं हलकं पडत असावं. मी गेलो तेव्हाही रिकाम्या गाड्या परत येताना आबांच्या परसाजवळ हळू होत आणि धप्प असा आवाज येई. मग आबा उठत, ढेकूळ फोडत, पाणी शिंपडत आणि धुम्मस घेऊन चोपत.

का, हे मी त्यांना अनेकदा विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले गाव खचायलंय म्हणून. एकदा म्हणाले अंग मोकळं होतं. एकदा मात्र, मी न विचारताच, ओट्यावर तंबाखू मळता मळता म्हणाले, “मास्तर, काळी म्हातारी झाली की पांढरी होती. आपल्या डोक्यावानी. जे वर हाय ते समदं रानातूनच आलंय. खाली नेलं तर कायतरी वर आणाय पायजे का न्हाई?” मला ते फार पटलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंही. संध्याकाळी आबांना पुन्हा विचारलं तर म्हणाले, “मी कवा मनलो?”

हा मनुष्य शहाणा आहे की अर्धवट, हे त्या घरात सहा-सात वर्षं राहून मला ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

कारण याच शहाण्या माणसाने आपलं घर त्या ढेकळांवर बांधलं होतं. काळीवर घर बांधायचं नसतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काळी उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि भिंती फाडते. सगळं गाव पांढरीवर सुखाने उभं होतं आणि पांढरीचा हा रखवालदार काळीवर. त्यांचं जुनं घर पडलं तेव्हा परसातला ढिगारा पुरुषभर उंच आणि दगडासारखा घट्ट झाला होता. आबांनी त्याला कडेने दगड लावले आणि त्यावर घर उठवलं. गावातलं सगळ्यांत उंच घर ते. आणि सगळ्यांत फाटकं. माझ्या खोलीच्या भिंतीला एवढी भेग होती की मला त्यातून नदी दिसे. दर चैत्रात काकू, म्हणजे आबांची बायको, शेणमाती कालवून त्या भेगा लिंपत. बारीक चणीच्या, बोलायला तिखट. लिंपता लिंपता म्हणायच्या, “उंची त्यायची, भेगा माझ्या.” आबा हे ऐकत आणि ओट्यावरून उठून वेशीकडे चालू लागत.

आबांची आणखी एक सवय सांगायची राहिली. मी सकाळी चूळ भरत असताना ते विचारत, “मास्तर, आज कुनाचं राज हाय?” यात थट्टा नव्हती. त्यांच्या समजुतीने राज्य ही गोष्ट रोज बघून घ्यावी लागते, आणि तसं त्यांचं काही चुकत नव्हतं. निजाम गेला, मग हैद्राबाद राज्य राहिलं पण निजाम नाही, मग तेही मोडलं आणि एका सकाळी आम्ही मुंबई राज्यात. मुंबई कुणीच पाहिलेली नव्हती. मी त्यांना समजावलं, की आता आपली राजधानी समुद्राकाठी आहे. त्यांनी विचारलं, तिथली माती कसली. मला सांगता आलं नाही. मग त्यांचा त्या राज्यातला रस संपला.

त्याच सुमारास येलदरीला धरण होणार अशी बोलवा उठली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग एक तरुण ओव्हरसियर तिपाईवर दुर्बीण लावून टेकाडाभोवती हिंडू लागला, आणि त्याच्या मागे माणसं चुन्याने रंगवलेले दगड पुरत गेली. या दगडांपर्यंत पाणी येणार. ज्याचं घर दगडाच्या खाली, ते बुडीत. दगड टेकाडाला वेढा घालत वर सरकत चालले. मारुतीचा पार बुडीत, शाळा बुडीत, पाटलाचं घर बुडीत. गावाला वरच्या माळावर नवी जागा मिळणार असं ठरलं. बायका रडत होत्या. माणसं ओव्हरसियरच्या मागेमागे फिरून विचारत होती, की दुर्बीण थोडी चुकली तर नसेल.

आबांनी ओव्हरसियरला एकच गोष्ट विचारली. “आमी तर उठू. खाली जी मान्सं हायेत त्यायचं काय करायलाव?” तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी त्याला बाजूला घेऊन खालच्यांचा खुलासा केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आबांना सांगितलं, की त्यांच्यासाठी काही तरतूद नाही.

शेवटचा दगड आबांच्या अंगणात, ओट्याच्या पायथ्याशी पुरला गेला. पाणी तिथपर्यंत येणार होतं. आबांचा उंबरा त्याच्या वर राहत होता. सगळ्या गावात एकच घर बुडीत नव्हतं, ते हे ढेकळांवरचं. ओव्हरसियरने दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं आणि हसून म्हणाला, “आबा, तुम्हाला उठायची गरज नाही.”

आता यात आनंद मानावा की काय, कुणालाच कळेना. गावाने आपापल्या ढेकळांनी एक माणूस बुडण्यातून वाचवला होता आणि स्वतः मात्र बुडत होतं. काही जण म्हणाले आबांना आधीच दिसलं होतं. काही जण चिडले, की आमच्या मातीवर हा तरला. आबा मात्र ओट्यावर ताठ बसून राहिले. येईल त्याला सांगत, “पानी माझ्या उंबऱ्याला हात लावणार न्हाई. मी हितंच ऱ्हानार.” पाण्याच्या मधोमध एका घरात, ना रस्ता ना शेजार, तुम्ही खाणार काय, असं त्यांच्या मुलाने, किसनने, विचारलं. रानही बुडणारच होतं. आबा म्हणाले, सोबतीला खालचे आहेत. मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

माळावर घरांच्या भिंती उठू लागल्या. दगड होता, लाकूड जुन्या घरांचं काढून नेता येत होतं. अडलं ते छपराशी. आमच्याकडे घरावर माळवद असतं. लाकडं, त्यावर काटक्या-पाला आणि त्यावर वीतभर पांढरी माती. पांढरी पाणी धरून ठेवते, खाली गळू देत नाही. माळावर सगळा मुरूम. मुरमाचं माळवद चाळणीसारखं गळतं. पांढरी होती ती इथेच, या टेकाडावर, आणि टेकाडाच्या माथ्यावर आबा बसले होते. कडेची खणावी किंवा जुन्या माळवदांची उतरवावी तर, आता बदल्यात ढेकूळ येणार नाही म्हणून, आबा काठी घेऊन येत. हातात काठी असलेल्या म्हाताऱ्याला काय करणार? उद्या जाणाऱ्या गावाला भांडायची हौस नव्हती. माळावर भिंती तशाच उघड्या उभ्या राहिल्या.

शेवटी काकू बोलल्या. दुपारची वेळ होती, मी ओसरीवर पोरांच्या वह्या तपासत होतो. काकूंनी चूल उकरून टोपल्यात भरली होती. ते टोपलं त्यांनी आबांच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि म्हणाल्या, “किसनसंगं मी जायलेय. तिथं डोक्यावर टाकायला माती न्हाई. जलमभर तुमच्या भेगा लिंपल्या, कवा काई मागितलं न्हाई. आता घर झाकंल एवढी पांढरी द्या. न्हाई दिली तर उघड्यावर बसंन, पन हितं बसायची न्हाई.”

आबा चुलीच्या मातीकडे बघत राहिले. काकू टोपलं उचलून किसनच्या गाडीत बसल्या आणि गेल्या. आबांनी त्या दिवशी कुणाचेही पाय पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंथरुणावर माती पडू लागली. मी धडपडून बाहेर आलो तर आबा माळवदावर. खोऱ्याने आपल्याच घरावरची पांढरी ओढून खाली टाकत होते. मला म्हणाले, “मास्तर, गाडीवाल्यायला हाक मारा. मनावं, न्या.” मी विचारलं, कुठली न्यायची. म्हणाले, समदी.

मग जे झालं त्याचा अर्थ मी आजवर लावतो आहे. ज्या माणसाने वहाणेला चिकटलेली माती गावाबाहेर जाऊ दिली नव्हती, त्याने आपलं घर उतरवलं. माळवद गेलं, ते काकूंच्या घरावर पडलं. भिंती गेल्या. मग ओट्याचे दगड काढून ती काळी ढेकळं खणायला घेतली. ती माळवदाला उपयोगाची नव्हती, पण त्यांच्याखाली टेकाडाच्या माथ्याची स्वच्छ पांढरी होती. निघालेली काळी आबांनी ज्याची त्याला परत केली. प्रत्येकाला टोपलंभर देऊन सांगत, ही तुझ्या वरच्या रानातली, ही तुझ्या आज्याने आणलेली. हे निव्वळ थापा मारणं होतं, सगळं चोपून चोपून एक झालेलं होतं. पण माणसं टोपलं दोन्ही हातांनी घेत होती, आणि धाकट्या आळीतला एक चांगला दांडगा गडी टोपलं घेऊन रडताना मी पाहिला. बुडणाऱ्या रानातली ती माती त्याने नव्या घराच्या अंगणात नेऊन टाकली. तिच्यावर पुढे त्याच्या बायकोने मिरच्या लावल्या.

आणि गंमत अशी, की या सगळ्या दिवसांत वेशीतला कायदा चालूच होता. भरल्या गाड्या वेशीतून बाहेर जात आणि गाडीमागून चालणाऱ्यांना आबा थांबवून पाय झटकायला लावत. किसनला हसू आवरेना. एवढी गाडीभर माती चालली आहे आणि पायांचं काय घेऊन बसलात, असं तो म्हणाला. आबा म्हणाले, “गाडीतली मी दिलेली हाय. पायाची तुमी न्यायलाव.” किसनने पाय झटकले.

मी शाळेच्या पडवीत राहायला गेलो होतो. आबा खड्ड्याच्या कडेला कडब्याचा आडोसा करून राहिले. त्यांना चला म्हणावं तर ते म्हणत, मला उठायला सांगितलेलं नाही. सरकारी माणसानेच सांगितलं होतं ना, की गरज नाही. रागाने म्हणत की हट्टाने, तेही कळेना. काकू माळावरून भाकरी पाठवत. निरोप मात्र पाठवत नसत.

ओव्हरसियर पुन्हा आला तो त्याचे दगड जागेवर आहेत की नाहीत ते बघायला. आबांनी त्याला लांबून पाहिलं आणि धोतर सावरत घाईघाईने त्याच्याकडे गेले. हाताला धरून त्याला घेऊन आले, जिथे घर होतं तिथे. आता तिथे खड्डा होता. आबा त्या खड्ड्यात उतरले, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, आता बघा. आता मी बुडतो का?”

 त्या पोराने तिपाई उभी केली, दुर्बीण लावली आणि खरोखर पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा होतो. का, ते मला सांगता येणार नाही. दुर्बिणीशिवायही दिसत होतं की चुन्याचा दगड आबांच्या छातीच्या वर होता.

“बुडता, आबा,” तो म्हणाला.

“मंग ठीक हाय,” आबा म्हणाले आणि खड्ड्यातून वर येण्यासाठी त्यांनी माझ्याकडे हात केला.

संध्याकाळी ते माळावर गेले. काकू नव्या घरापुढे चूल लिंपत होत्या. आबांनी सांगितलं, “आपल्याला बी उठायला सांगितलंय.” काकूंनी मान वर केली नाही. भाकरी टाकते, बसा, एवढंच म्हणाल्या.

सामान आणायला म्हणून दुसऱ्या दिवशी शेवटची गाडी जुन्या गावात गेली. सामान काही नव्हतंच. खोरं, धुम्मस, एक पाण्याची घागर. काकूही आल्या होत्या, का कुणास ठाऊक. रस्त्यात आबांनी मला विचारलं, आज कुणाचं राज आहे. मी म्हणालो, मुंबई राज्यही मोडलं, आता महाराष्ट्र. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, की माळावरही तेच का. मी हो म्हणालो.

परत निघताना वेशीत आलो आणि बैल आपणहून थांबले. इतकी वर्षं तिथे थांबायची त्यांना सवय. मी उतरलो, वहाणा झटकल्या. किसनने झटकल्या. काकूंनी वेशीला धरून एक पाय, मग दुसरा, नीट झटकला. गावात मागे कुणी उरलं नव्हतं. घरं नव्हती, छपरं नव्हती, नुसत्या पांढऱ्या मातीच्या खाणाखुणा होत्या. आबा गाडीजवळ उभे होते. त्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी ते पाहिले आणि तसेच गाडीत चढायला लागले.

“आन तुमचे?” काकू म्हणाल्या.

आबा गाडीत बसले, पाय पोटाशी घेतले आणि त्यांवर धोतराचा सोगा ओढला.

“एवढी चोरून न्यायलोय,” ते म्हणाले.

किसनने बैल हाकले. माळ येईपर्यंत आबांनी पाय खाली सोडले नाहीत.